काळ्या स्क्रीनचा इतिहास: ग्राफिक्स ड्रायव्हर बिघडला की अख्खा कॉम्प्युटर का अडतो?

हेडफोन लावलेत ना? चला, सुरू करू. आणि ज्यांना लोकलमध्ये किंवा ऑफिसात ऐकता येत नाही, त्यांच्यासाठी हा भाग नेहमीप्रमाणे लिहूनही देतोय.

आजचा विषय पीसीवर गेम खेळणाऱ्या, व्हिडिओ एडिट करणाऱ्या, ब्लेंडर नाहीतर ऑटोकॅड चालवणाऱ्या मंडळींना कधी ना कधी भेटलेला असणार. ग्राफिक्स कार्डचा नवा ड्रायव्हर आलाय असं नोटिफिकेशन येतं. आपण तो टाकतो, रीस्टार्ट करतो. कंपनीचा लोगो येतो, खाली ते ठिपके गोल गोल फिरतात, आणि मग स्क्रीन काळी ठिक्कर. पंखा फिरतोय, दिवे लागलेत, पण समोर काहीच नाही. परत बंद करून चालू केलं तरी तेच. लोगो, ठिपके, अंधार.

मग आपण सीपीयू काखोटीला मारून रिपेअरवाल्या दादाकडे जातो. दादा दोन मिनिटं बघतो आणि म्हणतो, "विंडोज उडालंय. फॉरमॅट मारावं लागेल." झालं! त्या एका वाक्यात कॉलेजचा प्रोजेक्ट, ताईच्या लग्नाचे फोटो, तीन वर्षांच्या नोट्स, सगळं पणाला लागतं.

माझं म्हणणं एवढंच आहे, की या ठरावीक बिघाडात फॉरमॅट हा शेवटचा उपाय असतो, आणि त्याची वेळ फार क्वचित येते. पण मी सांगतो म्हणून ऐकू नका. ही काळी स्क्रीन मुळात का येते, आणि तिच्यातून बाहेर पडायच्या वाटा कुणी, कधी, कशासाठी बांधल्या, ते एकदा समजून घेऊ. मग दादासमोर उभं राहून प्रश्न विचारायची हिंमत आपोआप येते.

ओसरी आणि माजघर

आधी ड्रायव्हर म्हणजे काय ते बघू. विंडोज बनवते मायक्रोसॉफ्ट. ग्राफिक्स कार्डची चिप बनवते एनव्हिडिया, एएमडी किंवा इंटेल. त्या चिपशी नेमकं कसं बोलायचं, हे चिपवाल्यालाच माहीत. म्हणून चिपवाला एक दुभाषी लिहून देतो. विंडोज म्हणतं, "इथे खिडकी काढ", दुभाषी ते चिपच्या भाषेत सांगतो. हा दुभाषी म्हणजे ड्रायव्हर.

आता हा दुभाषी बसतो कुठे? जुन्या वाड्याची रचना आठवा. बाहेर ओसरी, आत माजघर. येणारा-जाणारा ओसरीवर बसतो. तिथे कुणी गोंधळ घातला तर त्याला उठवून बाहेर काढता येतं, घर चालू राहतं. पण माजघरात फक्त घरची माणसं. तिथेच सगळ्या किल्ल्या, तिथेच तिजोरी. तिथे आग लागली की अख्खा वाडा रिकामा करावा लागतो.

कॉम्प्युटरमध्ये माजघराला कर्नल म्हणतात. मेमरी, डिस्क, प्रोसेसर, सगळ्याच्या किल्ल्या तिथे. आपले ब्राउझर, गेम, वर्ड वगैरे ओसरीवर. म्हणून क्रोम अडकला तर तो एकटाच बंद होतो. पण कर्नलमधल्या कोडने चूक केली, तर पुढचं काम सुरक्षित आहे याची खात्री कुणालाच देता येत नाही, म्हणून विंडोज स्वतःहून थांबतं. ती आपली प्रसिद्ध निळी स्क्रीन.

तर प्रश्न असा आहे, की चित्रं काढणारा, बाहेरच्या कंपनीने लिहिलेला हा पाहुणा माजघरात गेला कसा?

भिंतच नव्हती तेव्हा

१९८१ साली आयबीएमचा पीसी आला, सोबत मायक्रोसॉफ्टचं डॉस. तेव्हा ओसरी-माजघर असा भेदच नव्हता. सगळे एकाच खोलीत. कुठलाही प्रोग्रॅम थेट हार्डवेअरला हात घालायचा. ऑटोकॅडसारख्या सॉफ्टवेअरला वेगवेगळ्या डिस्प्ले कार्डांसाठी आपापले ड्रायव्हर सोबत द्यावे लागायचे. एकाने गडबड केली की मशीन बंद, परत चालू करा, विषय संपला.

भिंतीची सोय आधी चिपमध्ये आली. इंटेलच्या १९८२ सालच्या ८०२८६ या प्रोसेसरमध्ये अधिकाराचे चार स्तर होते, शून्य ते तीन. त्यांना रिंग म्हणतात. रिंग शून्यला सगळे अधिकार, रिंग तीनला सगळ्यात कमी. १९८५ च्या ८०३८६ मध्ये ही व्यवस्था आणखी पक्की झाली. पुढे विंडोजने त्यातल्या दोनच रिंग वापरल्या: शून्य म्हणजे माजघर, तीन म्हणजे ओसरी.

१९८७ साली आणखी एक गोष्ट घडली, जी आजही तुमचा कॉम्प्युटर वाचवते. आयबीएमने पीएस/२ मालिकेतल्या कॉम्प्युटरबरोबर व्हीजीए नावाचं ग्राफिक्स आणलं. ६४० बाय ४८० ठिपके, १६ रंग. आजच्या फोनसमोर अगदीच गरीब, पण पुढे जवळजवळ प्रत्येक कार्ड कंपनीने आपल्या कार्डात व्हीजीएची नक्कल ठेवली. त्यामुळे एक समान बोली तयार झाली. कार्ड कुणाचंही असो, काहीच जमलं नाही तर निदान व्हीजीएत तरी बोलता येईल!

विंडोज ३.१ च्या काळात चुकीचा डिस्प्ले ड्रायव्हर टाकला, तर विंडोज सुरूच व्हायचं नाही. पण खाली डॉस शाबूत असायचं. तिथून विंडोजचा सेटअप चालवायचा, यादीतून व्हीजीए निवडायचं, आणि परत विंडोज सुरू. म्हणजे 'अपडेटनंतर बूट होत नाही' ही तक्रार तेव्हाही होती, आणि तिचं उत्तर आजच्यासारखंच होतं: साध्या ड्रायव्हरवर या, मग पुढचं बघू.

ऑगस्ट १९९५ मध्ये विंडोज ९५ आलं आणि या युक्तीला नाव मिळालं, सेफ मोड. सुरू होताना एफ८ दाबायचं, आणि विंडोज बाहेरच्या कंपन्यांचे ड्रायव्हर बाजूला ठेवून फक्त अत्यावश्यक गोष्टींवर, व्हीजीएच्या जोरावर उठायचं. मोठमोठे आयकॉन, फिके रंग, चार कोपऱ्यांत 'सेफ मोड' असं लिहिलेलं. दिसायला भिकार, पण कामाला पक्कं.

१९९६ चा तो निर्णय

इकडे मायक्रोसॉफ्टमध्ये दुसरी एक टीम वेगळंच विंडोज बांधत होती. डेव्ह कटलर हा माणूस १९८८ साली डिजिटल इक्विपमेंट कॉर्पोरेशन सोडून मायक्रोसॉफ्टमध्ये आला. तिथे त्याने व्हीएमएस नावाच्या मोठ्या कॉम्प्युटरच्या ऑपरेटिंग सिस्टिमवर काम केलं होतं, त्यामुळे त्याच्या डोक्यात एकच गोष्ट पक्की होती: सिस्टिम पडता कामा नये. त्याच्या टीमने बांधलेलं विंडोज एनटी ३.१ हे १९९३ च्या जुलैमध्ये आलं. आज तुम्ही वापरता ते विंडोज ११ याच एनटीच्या वंशातलं आहे.

या पहिल्या एनटीमध्ये ग्राफिक्सचा बहुतेक सगळा कोड ओसरीवर होता. खिडक्या सांभाळणारा भाग, चित्रं काढणारा भाग, आणि ड्रायव्हरचा मोठा हिस्सा एका वेगळ्या प्रोसेसमध्ये चालायचा. माजघरात फक्त हार्डवेअरला हात लावणारा छोटा तुकडा. कागदावर एकदम नीटनेटकी रचना.

अडचण होती वेगाची. प्रत्येक वेळी खिडकी हलवली, रेघ काढली, की निरोप एका प्रोसेसकडून दुसऱ्या प्रोसेसकडे जायचा आणि उत्तर परत यायचं. पाहुण्याला साधं पाणी द्यायचं तरी ओसरी ते माजघर अशी फेरी. तेव्हाच्या प्रोसेसरवर ही फेरी महाग पडायची. आणि बाजूला विंडोज ९५ होतं, जे कमी मेमरीत चटचट चालत होतं.

म्हणून ऑगस्ट १९९६ मध्ये आलेल्या विंडोज एनटी ४.० मध्ये मायक्रोसॉफ्टने खिडक्यांचा आणि चित्रांचा अख्खा कारभार, डिस्प्ले ड्रायव्हरसकट, माजघरात हलवला. मेमरी कमी लागली, ग्राफिक्स जलद झालं. प्रिंटरच्या ड्रायव्हरचा चित्रं बनवणारा भागही आत गेला. म्हणजे एखादं प्रिंट काढताना अख्खी सिस्टिम पडू शकते, अशी सोय झाली म्हणा ना!

तेव्हा यावर बरीच टीका झाली. मायक्रोसॉफ्टची बाजूही ऐकायला हवी. त्यांचं म्हणणं असं होतं, की जुन्या रचनेतही ग्राफिक्सची ती एक प्रोसेस पडली तर सिस्टिम निरुपयोगीच व्हायची. मग भिंतीचा फायदा काय? यात तथ्य होतं. पण एक फरक राहतोच. ओसरीवरचा कोड चुकला तर तो स्वतः मरतो. माजघरातला कोड चुकला तर तो दुसऱ्याची मेमरीही बिघडवू शकतो.

इंजिनिअर म्हणून मला हा निर्णय मूर्खपणाचा वाटत नाही. १९९६ च्या हार्डवेअरवर तो कळण्यासारखा होता. पण त्याची किंमत पुढच्या दहा वर्षांत वसूल झाली, कारण नेमक्या त्याच सुमारास ग्राफिक्स कार्डं बदलत होती. १९९६ मध्ये थ्रीडीएफएक्सचं व्हूडू कार्ड आलं, १९९९ मध्ये एनव्हिडियाचं जीफोर्स २५६. आधी ड्रायव्हर म्हणजे रेघा आणि चौकोन काढणारा साधा कोड. आता त्यात त्रिमिती गणित आलं. पुढे तर शेडर नावाचे छोटे प्रोग्रॅम चिपच्या भाषेत भाषांतरित करणारा कंपायलरच ड्रायव्हरमध्ये आला. आजच्या गेमिंग कार्डच्या ड्रायव्हरचं डाउनलोड पाचशे एमबीच्या पुढे जातं, ते असं. पाहुणा माजघरात तर गेलाच, वर कुटुंबकबिला घेऊन गेला.

आकड्यांनी डोळे उघडले

२००१ साली विंडोज एक्सपी आलं. ज्यांनी एमएस-सीआयटीचा क्लास केलाय त्यांना ती हिरवी टेकडी आणि निळं आकाश आठवत असेल. एक्सपीने एनटीचा पाया घरोघरी नेला. आणि क्रॅश झाल्यावर 'रिपोर्ट पाठवू का?' असं विचारणारी ती चौकट आठवतेय? आपण सगळे वैतागून ती बंद करायचो. पण ज्यांनी पाठवले, त्या रिपोर्टांमुळे सिस्टिम नक्की कोण पाडतंय हे मोठ्या प्रमाणावर मोजता आलं.

वॉशिंग्टन विद्यापीठातल्या संशोधकांनी २००३ मध्ये ड्रायव्हरना कुंपण घालायच्या नूक्स नावाच्या प्रयोगावर पेपर लिहिला. त्यात एक आकडा आहे: एक्सपीच्या तेव्हाच्या नोंदवलेल्या बिघाडांपैकी ८५ टक्के ड्रायव्हरमुळे. त्याआधी, २००१ मध्ये, लिनक्सच्या कोडचा अभ्यास झाला होता. त्यातही ड्रायव्हरच्या कोडमध्ये चुकांचं प्रमाण बाकीच्या कर्नलपेक्षा तीन ते सात पट जास्त निघालं. म्हणजे हे एकट्या मायक्रोसॉफ्टचं दुखणं नव्हतं.

या काळात दुरुस्तीच्या वाटाही वाढल्या. विंडोज २००० ने एनटीच्या वंशात सेफ मोड आणला. एक्सपीने डिव्हाइस मॅनेजरमध्ये 'रोल बॅक ड्रायव्हर' हे बटण दिलं. नवा ड्रायव्हर टाकताना जुना फेकून न देता बाजूला ठेवायचा, म्हणजे परतीचा रस्ता उघडा राहतो. हे बटण लक्षात ठेवा, शेवटी लागणार आहे.

व्हिस्टा: शिव्या खाल्ल्या, पण घर सुधारलं

मग आलं व्हिस्टा, सर्वसामान्य ग्राहकांसाठी जानेवारी २००७ मध्ये. व्हिस्टाला लोकांनी इतक्या शिव्या घातल्या, की त्याने केलेलं एक मोठं काम कुणाच्या लक्षातच राहिलं नाही.

व्हिस्टाने ग्राफिक्स ड्रायव्हरचे दोन तुकडे केले. शेडर भाषांतरित करणारा, गुंतागुंतीचा मोठा भाग परत ओसरीवर. माजघरात फक्त मेमरीवाटप आणि चिपला काम देणारा भाग. १९९६ चा निर्णय अर्धा का होईना, मागे फिरवला म्हणा.

सोबत एक पहारेकरी बसवला. ग्राफिक्स चिपने दिलेलं काम दोन सेकंदांत संपवलं नाही आणि ती ते मधेच सोडायलाही तयार नाही, तर ती अडकली असं समजायचं, चिप आणि ड्रायव्हर रीसेट करायचा, आणि कॉम्प्युटर चालू ठेवायचा. गेम खेळताना स्क्रीन क्षणभर काळी होऊन परत येते आणि कोपऱ्यात 'डिस्प्ले ड्रायव्हर स्टॉप्ड रिस्पाँडिंग अँड हॅज रिकव्हर्ड' असा मेसेज दिसतो, तो या पहारेकऱ्याचा. एक्सपीत अशा वेळी बहुधा पॉवर बटणच दाबावं लागलं असतं.

पण नवी रचना म्हणजे सगळे ड्रायव्हर नव्याने लिहायचे, आणि कंपन्या तयार नव्हत्या. 'व्हिस्टा केपेबल' या स्टिकरवरून अमेरिकेत मायक्रोसॉफ्टवर खटला चालला. त्यात २००८ मध्ये कंपनीचे अंतर्गत ईमेल बाहेर आले. त्यातल्या २००७ च्या एका तक्त्यात व्हिस्टाच्या नोंदलेल्या क्रॅशपैकी सुमारे २९ टक्के एनव्हिडियाच्या ड्रायव्हरच्या नावावर होते. मायक्रोसॉफ्टच्या स्वतःच्या कोडच्या नावावर सुमारे १८ टक्के. लोक शिव्या घालत होते व्हिस्टाला, आणि पाहुण्यांचा वाटा असा होता. दोन वर्षांनी त्याच पायावर विंडोज ७ आलं. तोवर ड्रायव्हर सुधारले होते, आणि लोकांनी त्याला डोक्यावर घेतलं.

लिनक्सवाल्यांचा प्रवास जरा उलटा. तिथे स्क्रीनचं रिझोल्युशन वगैरे ठरवायचं काम बराच काळ कर्नलच्या बाहेर होतं. २००९ च्या सुमारास ते कर्नलमध्ये आणलं गेलं, म्हणजे बूट होताना स्क्रीन लुकलुकणार नाही आणि सगळा ताबा एका जागी राहील. सोबत एक सुटकेची खिडकीही ठेवली: बूट करताना 'नोमोडसेट' हा शब्द दिला की कर्नल ग्राफिक्स चिपचा खास ड्रायव्हर न वापरता साध्या डिस्प्लेवर उठतो. म्हणजे पुन्हा तीच व्हीजीएची कल्पना.

एफ८ कुठे गेलं?

२०१२ मध्ये विंडोज ८ आलं आणि जुन्या लोकांचा एक हातखंडा उपाय गेला. एसएसडीवर विंडोज इतकं झटपट उठायला लागलं, की मायक्रोसॉफ्टच्याच म्हणण्यानुसार काही मशीनवर एफ८ दाबायला २०० मिलिसेकंदांपेक्षाही कमी वेळ उरायचा. डोळ्याची पापणी लवायच्या आत! म्हणून एफ८ मुळातच बंद ठेवलं, आणि त्याऐवजी उठायचा प्रयत्न लागोपाठ फसला की विंडोज आपोआप रिकव्हरी स्क्रीनवर जाईल अशी व्यवस्था केली.

सेफ मोड गेला नाही, त्याचं दार हलवलं. पण हे फार लोकांपर्यंत पोचलंच नाही. 'एफ८ दाबून काही होत नाही, म्हणजे विंडोज गेलं' हा गैरसमज अजून फिरतो, आणि माझ्या मते फॉरमॅट मारण्याच्या सवयीला तो बराच जबाबदार आहे.

आणि बिघाड थांबलेत असंही नाही. मार्च २०१६ मध्ये एनव्हिडियाचा ३६४.४७ हा ड्रायव्हर आला. मायक्रोसॉफ्टच्या चाचणीचा शिक्का असलेला. तरी तो टाकल्यावर विंडोज सुरूच होत नाही अशा तक्रारी आल्या, आणि कंपनीला लगोलग ३६४.५१ काढावा लागला. शिक्का म्हणजे ठरलेल्या चाचण्या पास झाल्याचा दाखला. तुमचं कार्ड, तुमचा मदरबोर्ड, तुमचे दोन मॉनिटर या जोडणीची हमी त्यात नसते.

एक दिवस सगळ्या जगाला कळलं

१९ जुलै २०२४. क्राउडस्ट्राइक या सुरक्षा कंपनीने एक सदोष अपडेट पाठवलं. हा ग्राफिक्स ड्रायव्हर नव्हता, पण दुखणं तेच: बाहेरच्या कंपनीचा कोड, माजघरात, बूट होतानाच चालणारा. मायक्रोसॉफ्टच्या अंदाजानुसार ८५ लाख विंडोज मशीन पडली. चालू केलं की निळी स्क्रीन, परत चालू केलं की परत निळी. आपल्याकडे विमानतळांवर प्रवाशांना हाताने लिहिलेले बोर्डिंग पास मिळाले, त्याचे फोटो तुम्हीही फॉरवर्ड केले असतील.

आणि दुरुस्ती काय होती माहितीये? सेफ मोडमध्ये जा, ती एक फाईल डिलीट करा, रीस्टार्ट करा. जगभरच्या आयटीवाल्यांनी मशीनसमोर बसून हेच केलं. मशीन एवढी पडली, पण ती परत उभी करायला फॉरमॅट लागलं नाही. १९९५ च्या कल्पनेने २०२४ मध्ये विमानं उडवली. त्यानंतर मायक्रोसॉफ्टने सुरक्षा कंपन्यांचा कोड कर्नलच्या बाहेर चालवायची वाट काढायला घेतली. म्हणजे पाहुण्यांना परत ओसरीवर.

आता तुमच्या समोरची काळी स्क्रीन

इतकं ऐकल्यावर खालच्या पायऱ्या पाठ कराव्या लागणार नाहीत, उमजतील.

पहिला प्रश्न: सुरुवातीचा कंपनीचा लोगो दिसतो का? तो लोगो विंडोज सुरू होण्याआधी मदरबोर्डचं फर्मवेअर काढतं. ड्रायव्हर तर डिस्कवर झोपलेला असतो. म्हणजे लोगोसुद्धा दिसत नसेल, तर दोष ड्रायव्हरचा नाही. केबल, मॉनिटर, रॅम, कार्ड नीट बसलंय का ते बघा. लोगो आणि ठिपके दिसून मग अंधार होत असेल, तर ड्रायव्हरवरचा संशय पक्का. कारण नेमक्या त्या टप्प्यावर साधा डिस्प्ले संपतो आणि कंपनीचा ड्रायव्हर ताबा घेतो.

दुसरा प्रश्न: विंडोज बंद आहे, की फक्त दिसत नाहीये? कॅप्स लॉक दाबून बघा, दिवा लागतो-विझतो का. लागत असेल तर आत कुणीतरी जागं आहे. विंडोज, कंट्रोल, शिफ्ट आणि बी एकदम दाबा, त्याने ग्राफिक्स ड्रायव्हर रीसेट होतो. मॉनिटरची केबल कार्डच्या दुसऱ्या पोर्टात लावून बघा.

नाही जमलं, तर रिकव्हरीचं दार. ठिपके फिरत असताना पॉवर बटण दाबून धरून मशीन बंद करा. असं दोन-तीनदा केलं की विंडोज स्वतः रिकव्हरी स्क्रीन आणतं. तिथे ट्रबलशूट, अॅडव्हान्स्ड ऑप्शन्स, स्टार्टअप सेटिंग्ज, रीस्टार्ट, आणि मग यादीतून चार नंबरचा सेफ मोड. वाटेत बिटलॉकरची किल्ली मागितली तर घाबरू नका. बहुतेक घरगुती लॅपटॉपची ती ४८ आकडी किल्ली तुमच्या मायक्रोसॉफ्ट अकाउंटमध्ये असते, फोनवरून लॉगिन करून बघता येते. सेफ मोडमध्ये पिन चालला नाही तर अकाउंटचा पासवर्ड टाका.

सेफ मोड दिसला, म्हणजे डिस्क चालू, विंडोज चालू आणि तुमचे फोटो जागेवर. आता डिव्हाइस मॅनेजर उघडा, डिस्प्ले अडॅप्टर्स, तुमचं कार्ड, प्रॉपर्टीज, ड्रायव्हर, आणि आपलं एक्सपीच्या काळातलं 'रोल बॅक ड्रायव्हर'. ते बटण फिकं असेल तर 'अनइन्स्टॉल डिव्हाइस', आणि ड्रायव्हरही काढायच्या चौकटीवर टिक. रीस्टार्ट झाल्यावर विंडोज स्वतःच्या साध्या डिस्प्ले ड्रायव्हरवर उठेल. मग कंपनीच्या साइटवरून आधी चालत असलेलं व्हर्जन टाका. ते होईपर्यंत इंटरनेट बंद ठेवा, नाहीतर विंडोज अपडेट मधेच स्वतःच्या पसंतीचा ड्रायव्हर आणून बसवतं.

सेफ मोडही उघडला नाही, तर त्याच रिकव्हरी स्क्रीनवर सिस्टिम रिस्टोअर आहे. आणि समजा फॉरमॅटशिवाय खरंच इलाज उरला नाही, तरी आधी डेटा काढा. रिकव्हरीतल्या कमांड प्रॉम्प्टवर 'नोटपॅड' टाइप करा. नोटपॅड उघडेल. त्याच्या फाईल, ओपनमध्ये जा, खाली 'ऑल फाईल्स' निवडा, आणि तिथूनच फोल्डर कॉपी करून पेन ड्राइव्हवर पेस्ट करा. हो, चालतं! लिनक्सवाल्यांनी बूट मेनूत ई दाबून, लिनक्स या शब्दाने सुरू होणाऱ्या ओळीच्या शेवटी 'नोमोडसेट' जोडायचं आणि कंट्रोल-एक्स.

एक सवय मात्र आजपासून लावून घ्या. सबमिशनच्या, परीक्षेच्या किंवा क्लायंटच्या डेडलाइनच्या आदल्या रात्री ग्राफिक्स ड्रायव्हर अपडेट करायचा नाही. चालतंय ना? चालू द्या.

आणि रिपेअरवाल्या दादाशी भांडू नका. त्याच्याकडे दिवसाला दहा मशीन येतात, आणि फॉरमॅट हा त्याच्यासाठी खात्रीचा, वेळेत बसणारा उपाय असतो. त्याला फक्त शांतपणे विचारा, "दादा, लोगो दिसतोय, मग सेफ मोडमध्ये ड्रायव्हर काढून बघितला का?" इतकं विचारलंत तरी तुमचा डेटा वाचायची शक्यता बरीच वाढते.

आजच्यासाठी इतकंच. घरात ज्याच्याकडे गेमिंग पीसी आहे त्याला हा भाग पाठवा, स्क्रीन काळी व्हायच्या आधी. भेटू पुढच्या भागात. काळजी घ्या, आणि बॅकअपही घ्या!